सर्व देवस्थानांचा सांभाळ करणारा लोकराजा : राजर्षी शाहू छत्रपती

गावात देवळाचे काम निघाले की पंचमंडळी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात. कोल्हापूर भागातील पुष्कळ गावांत ही मंडळी मुलाण्याचे किंवा मुजावराचे घर चुकवून पुढे जात नाहीत. तेथेही पावती फाडली जाते, आणि देणाराही आपण परक्या देवाला देतो आहोत असे मानीत नाही. तसेच पिराच्या उरुसाला गलेफ चढतो त्या दिवशी पाटलाच्या घरचा नारळ दर्ग्यावर जातो. ही रीत कोणी कायदा करून घातलेली नाही. पिढ्यानपिढ्या एका शिवारात राबणाऱ्या, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या आणि एका बाजारी मीठ-मिरची घेणाऱ्या माणसांनी ती आपसूक घातली. परंतु अशा रीतीला राजसत्तेचा हात लागला तर ती टिकते, आणि राजसत्तेने तिच्याकडे पाठ फिरविली तर ती मोडते. कोल्हापूरच्या भाग्याने या रीतीला पाठबळ देणारा राजा विसाव्या शतकाच्या आरंभी करवीरच्या गादीवर होता. त्या राजाचे नाव राजर्षी शाहू छत्रपती. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगलप्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होय.

बालपण आणि शिक्षण

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे त्यांचे वडील. मातोश्री राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातील. बाळाचे नाव यशवंतराव असे ठेवण्यात आले. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले.

ज्या कागलशी या घराण्याचे नाते होते, त्या गावाचे ग्रामदैवतच मोठे बोलके आहे. हिंदू त्याला गहिनीनाथ म्हणतात, मुसलमान गैबी पीर म्हणतात. नवस दोघेही करतात, आणि उरूस म्हणजे साऱ्या गावाची जत्रा. देव कोणाचा, हा प्रश्न त्या जत्रेत कोणाला पडत नाही. घाटग्यांच्या घरातील मुलाला हे दृश्य काही नवलाचे नव्हते. पुढे महाराजांनी जे काही केले त्याचे बीज पुस्तकात शोधण्यापेक्षा अशा गावच्या जत्रेत शोधलेले बरे.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचे अकाली निधन झाले, तेव्हा गादीला वारस नव्हता. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू असे ठेवले. दहा वर्षांच्या आतल्या या मुलाच्या डोक्यावर करवीर राज्याचे ओझे आले. दोनच वर्षांनी वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षे आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांचे वय वीस वर्षेही पुरे नव्हते.

तो काळ फार नाजूक होता. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा होऊन गेला होता. १८९४ साली पुण्यातही तेढ माजली. मशिदीवरून वाजंत्री न्यावी की न न्यावी, ताबुतांना कोणी जावे, मिरवणुकीचा मार्ग कोणता असावा, यावरून शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला होता. ही वाफ शहरांतून खेड्यांकडे पसरायला वेळ लागत नाही. अशा दिवसांत एक तरुण राजा गादीवर बसला. त्याच्या राज्यात अंबाबाई आणि जोतिबासारखी मोठी देवस्थाने होती, गावोगाव पीर होते, जैनांच्या बस्त्या होत्या, लिंगायतांचे मठ होते आणि ख्रिस्ती मिशनची प्रार्थनामंदिरेही होती. त्याने कोणत्या बाजूला झुकावे, याकडे साऱ्यांचे डोळे लागले होते.

दुष्काळ, प्लेग आणि वेदोक्त

राज्य हाती येताच पहिली परीक्षा निसर्गाने घेतली. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ आलेला प्लेग यांनी रयत हवालदिल झाली. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, कामे काढून लोकांना मजुरी दिली, जनावरांच्या चाऱ्याची तजवीज केली, निराधार मुलांची सोय लावली. स्वतः घोड्यावर बसून ते खेड्यापाड्यांतून हिंडले. प्लेगच्या गाठीला जात नसते आणि भुकेला धर्म नसतो, हे त्या दोन वर्षांत त्यांनी डोळ्यांनी पाहिले. अंगाने भरदार, शिकारीचा आणि कुस्तीचा षौक असलेला, गावरान मराठीत बोलणारा हा राजा रयतेला आपल्यातलाच वाटू लागला तो याच दिवसांत.

दुसरी परीक्षा देवाधर्माच्या दारातच झाली. १८९९ सालच्या कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानास जात असत. त्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे निदर्शनास आले. छत्रपतींच्या गादीवरील पुरुषालाही वेदमंत्रांचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ होता. यातून जे वेदोक्त प्रकरण उभे राहिले त्याने सारा महाराष्ट्र ढवळून काढला. पुढे कित्येक वर्षे वाद चालला. राजोपाध्यांची उत्पन्ने जप्त झाली, अर्ज-अपिले इंग्रज सरकारपर्यंत गेली आणि अखेरीस निकाल महाराजांच्या बाजूने लागला.

या प्रकरणाचा राजकीय परिणाम मोठा झाला. त्याहून मोठा परिणाम महाराजांच्या मनावर झाला. खुद्द राजाला देवाच्या पायरीवर कमी लेखले जाते, तर ज्याला पायरीच चढू दिली जात नाही त्याच्या जिवाची काय अवस्था होत असेल, हे त्यांना उमगले. अपमान झालेला माणूस बहुधा सूडाकडे वळतो. महाराजांनी ज्यांच्याशी वाद केला त्यांच्याशी तो कडवेपणाने केला, हे खरे. पण त्या दुःखातून त्यांनी जे बांधले ते मात्र सर्वांसाठी बांधले. शाळा बांधल्या, वसतिगृहे उभी केली, बंद असलेली दारे उघडली.

बोर्डिंगांचे कोल्हापूर

खेड्यातील मुलगा शिकायला शहरात आला तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे काय, हा त्या काळी मोठा प्रश्न होता. १८९६ साली महाराजांनी सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. परंतु जातिभेदाचा पगडा एवढा होता की त्याचा लाभ मुख्यत्वे एकाच वर्गाला होऊ लागला आणि इतर मुले तेथे टिकेनात. तेव्हा महाराजांनी व्यवहार ओळखला. १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंगही निघाले. पुढे लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. महाराजांच्या हयातीत ही संख्या वीसच्या घरात गेली.

यावर त्या काळी आणि नंतरही टीका झाली. वेगवेगळी बोर्डिंगे काढून भेद कमी होतील की वाढतील, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न वावगा नव्हता. पण ज्या समाजाच्या पंक्तीत पान मांडले जात नाही त्याला आधी स्वतःचे पान मिळाले पाहिजे, मग पुढे पंक्ती एक होतील, अशी महाराजांची रीत होती. या बोर्डिंगांतील मुले शाळेत एका बाकावर बसत, एका मैदानावर खेळत आणि तालमीत एका मातीत लोळत.

मुस्लिम बोर्डिंगची हकिकत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. संस्थानातील मुसलमान समाज शिक्षणात फार मागे होता. कोणी शेतमजुरी करी, कोणी पिंजाऱ्याचा धंदा करी, कोणी दर्ग्याच्या उत्पन्नावर गुजराण करी. मुले शाळेत जात नसत. महाराजांनी आरंभी काही मुसलमान मुलांची सोय मराठा बोर्डिंगातच केली. नंतर १९०६ साली शहरातील प्रतिष्ठित मुसलमान मंडळींना बोलावून त्यांनी शिक्षणसंस्था स्थापन करविली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू केले. संस्थेचे अध्यक्षपद इतर समाजांच्या संस्थांत महाराजांनी त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांकडे दिले होते. येथे मात्र ते स्वतः अध्यक्ष झाले. पाठीशी कोणी वजनदार माणूस नसलेल्या समाजाच्या पाठीशी राजानेच उभे राहावे, हा त्यातला भाव. बोर्डिंगला जागा दिली, बांधकामाला रोख मदत दिली, जंगलातील लाकूड दिले. शिवाय संस्थानातील काही दर्ग्यांची उत्पन्ने बोर्डिंगच्या खर्चासाठी लावून दिली. पिराच्या नावाने आलेले धान्य आणि पैसा पिराच्याच लेकरांच्या शिक्षणाला लागावा, ही त्यामागची योजना होती.

हाच न्याय त्यांनी हिंदू देवस्थानांनाही लावला. १९१७ च्या सुमारास संस्थानातील धार्मिक संस्थांच्या उत्पन्नावर सरकारची देखरेख आणून त्यातील भाग लोकोपयोगी कामांकडे आणि शिक्षणाकडे वळविण्याचे धोरण त्यांनी ठरविले. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा जाहीरनामा निघाला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला गेला. देवाच्या खजिन्यातून शाळेचा दिवा लागावा, असे या राजाला वाटे. म्हणून कोणी त्यांना देवाधर्माचे वैरी ठरवू पाहिले. पण अंबाबाईपुढे आणि भवानीपुढे श्रद्धेने उभे राहणारे, दसऱ्याचे सीमोल्लंघन राजाच्या इतमामाने करणारे महाराज देवाचे वैरी नव्हते. देवाच्या नावावर बसून खाणाऱ्यांची मात्र त्यांना चीड होती, मग तो भट असो, महंत असो वा मुजावर असो.

रुकडी आणि पाटगाव

देवस्थान म्हणजे काय, हे खेड्यातील माणसाला वेगळे सांगायला नको. देवाला इनाम जमीन असते. त्या जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, पूजाअर्चा, नौबत, पालखी चालावी, असा सनदेचा हेतू असतो. पिरालाही तसेच इनाम असते. त्यातून चिराग, ऊद, गलेफ आणि उरुसाचा खर्च चालावा. ही इनामे कोणी आदिलशाहीत दिलेली, कोणी मराठेशाहीत दिलेली. शिवछत्रपतींनी देवस्थानांप्रमाणेच पीर-मशिदींचीही पूर्वापार उत्पन्ने चालू ठेवली, हे प्रसिद्धच आहे. पण पुष्कळ गावांत कालांतराने असे होते की एका देवस्थानाची जमीन काळी कसदार आणि दुसऱ्याची खडकाळ. एकाच्या दारात नगारा वाजतो आणि शेजारच्याच्या दारात सांजवातीला तेल नसते. मग मनात अढी बसते. आमचा देव अंधारात आणि त्यांचा उजेडात, अशी भाषा सुरू होते. बहुतेक भांडणांची मुळे पोथीत नसतात, ती अशा बांधावर असतात.

शाहू महाराजांनी नेमका हा बांधच हाताळला. हातकणंगले भागातील रुकडी गावात पिराच्या देवस्थानाला उत्पन्न होते, आणि तेथील अंबाबाईच्या पूजेअर्चेची सोय मात्र धड नव्हती. महाराजांनी पिराच्या उत्पन्नातील हिस्सा अंबाबाईच्या पूजेसाठी लावून दिला. भुदरगड भागातील पाटगाव येथे याच्या उलट. तेथे मौनी महाराजांचा प्रसिद्ध मठ. दक्षिणेच्या मोहिमेपूर्वी शिवछत्रपतींनी या सत्पुरुषाचे दर्शन घेतले, अशी परंपरा आहे. मठाला चांगले उत्पन्न होते. तेथील मशिदीच्या कामासाठी महाराजांनी मठाच्या उत्पन्नातून मदत देवविली.

या दोन हुकमांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. सरकारी खजिन्यातून दोन्हीकडे पैसे देऊन महाराजांना मोकळे होता आले असते, आणि कित्येक ठिकाणी त्यांनी खजिन्यातूनही दिले. पण येथे त्यांनी गावातल्या गावात देणे-घेणे लावून दिले. पिराच्या शेतात पिकलेल्या धान्यावर देवीची आरती व्हावी, आणि मठाच्या पैशावर मशिदीची भिंत उभी राहावी! ज्याच्या घरच्या तेलाने शेजारचा दिवा जळतो तो शेजाऱ्याचा दिवा विझावा असे कसे म्हणेल? मुजावराने देवीचा वाटा मोजून द्यायचा, आणि मठाच्या कारभाऱ्याने मशिदीच्या गवंड्याची मजुरी चुकवायची. एकमेकांच्या देवाचा हिशेब एकमेकांच्या वहीत लिहिला जाऊ लागला, म्हणजे वैराला जागाच उरत नाही. सभेत सलोख्याचे भाषण करणे सोपे आहे. सलोखा जमाखर्चात उतरविणे अवघड, आणि ते या राजाने केले.

पाटगावचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. वेदोक्त प्रकरणानंतर मराठा समाजाला स्वतःचा धर्मगुरू असावा, या विचाराने महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन केले. सदाशिवराव बेनाडीकर या तरुण विद्वानाची त्यांनी तेथे नेमणूक केली. ते पीठ याच मौनी महाराजांच्या मठाचे. म्हणजे ज्या मठाला त्यांनी आपल्या समाजाचे सर्वोच्च धर्मस्थान मानले, त्याच मठाचा हात त्यांनी शेजारच्या मशिदीच्या पाठीवर ठेविला.

कुराणाचे मराठी भाषांतर

कोल्हापूरकडील सामान्य मुसलमान घरात आणि बाजारात मराठीच बोलतो. अरबी कुराण तो श्रद्धेने ऐके, पण त्याचा अर्थ त्याला कळत नसे. आणि शेजारच्या हिंदूला तर त्या ग्रंथात काय सांगितले आहे याची कल्पनाच नसे. ज्याचा अर्थ ठाऊक नाही त्याविषयी गैरसमज लवकर पसरतात. संतांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हा सामान्य माणसाच्या हाती धर्म आला, हे महाराष्ट्राने अनुभवलेले होते. महाराजांनी तीच वाट कुराणासाठी धरली. त्यांनी जाणकार मंडळींकडून कुराणाचे मराठी भाषांतर करविण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी दरबारातून द्रव्याची तरतूद केली. एका हिंदू राजाने, छत्रपतींच्या गादीवर बसून, कुराण मराठीत यावे म्हणून खर्च करावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

दुसरीकडे त्याच काळात आर्यसमाजाची शाखा कोल्हापुरात १९१८ साली निघाली आणि १९१९ साली राजाराम कॉलेज महाराजांनी आर्यसमाजाकडे चालवावयास दिले. सत्यशोधक समाजालाही त्यांचा आश्रय होता. मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे डॉक्टर वानलेस यांच्याशी त्यांचा स्नेह होता. आर्यसमाजी, सत्यशोधक, मौलवी, मिशनरी, जैन पंडित आणि लिंगायत स्वामी ही सारी मंडळी ज्याच्या वाड्यावर आपलेपणाने जात होती असा राजा विरळाच. यातील कित्येकांचे परस्परांशी पटत नसे. महाराजांशी मात्र प्रत्येकाचे पटे, कारण प्रत्येकाला तेथे कामापुरते बळ मिळे आणि दुसऱ्याला दडपण्याची मुभा मात्र मिळत नसे.

स्वर, रंग आणि माती

धर्माधर्मांत सलोखा राखायचा तर माणसे नुसती शेजारी राहून भागत नाही, त्यांनी एकत्र काहीतरी केले पाहिजे. महाराजांच्या कोल्हापुरात ते तीन ठिकाणी घडले : गाण्यात, चित्रात आणि कुस्तीत.

गायनाचार्य अल्लादियाखाँ हे राजस्थानातून आलेले थोर गवई. महाराजांनी त्यांना दरबारात मानाने ठेवून घेतले. महाराज हयात असेपर्यंत खाँसाहेबांचे वास्तव्य कोल्हापुरात होते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या गायिकांनी पुढे ती देशभर नेली. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ हे तर अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. पाच वेळा नमाज पढणारा गवई देवीपुढे स्वर लावतो आणि भाविक डोळे मिटून ऐकतात, यात कोल्हापुरास काही वावगे वाटले नाही. सुरांना सोवळे-ओवळे नसते.

चित्रकार आबालाल रहिमान यांनाही महाराजांनी आश्रय दिला. मुंबईच्या कलाशाळेत नाव कमावून आलेला हा अबोल, फकिरी वृत्तीचा कलावंत कोल्हापूरच्या तळ्याकाठी, देवळांच्या परिसरात चित्रे रंगवीत राहिला. पंचगंगेचा घाट आणि कोटितीर्थाचे पाणी त्यांच्या कुंचल्याने अमर केले.

कुस्तीचे तर विचारूच नये. १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून आल्यावर महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले. १९१२ साली ते पुरे झाले. पंजाबचे नामांकित मल्ल तेथे लढले. मातीला कपाळ लावताना हिंदू पैलवान हनुमंताचे नाव घेई आणि मुसलमान पैलवान अल्लाचे, पण दोघांची खुराकाची सोय एकाच दरबारातून होई. कोल्हापूरच्या तालमींत मोहरमात पंजे बसतात आणि भाद्रपदात गणपती बसतो. दोन्ही सण एकाच वेळी आले तर दोन्ही एकाच छताखाली बसतात. शहरातील बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणेशाची आकृती कोरलेली आहे, आणि आजही भाविक त्या दारातून आत जातात. ही परंपरा महाराजांच्या आधीची. महाराजांनी तिला धक्का लागू दिला नाही, उलट तालमींना बळ देऊन ती जोपासली.

बंद दारे उघडली

परधर्माच्या शेजाऱ्याशी सलोखा ठेवणे आणि स्वधर्माच्या बांधवाला मात्र दाराबाहेर उभे करणे, असा दुटप्पीपणा महाराजांना मानवण्यासारखा नव्हता. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम काढला. या मागासलेल्या वर्गांत मुसलमानही आले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१९ साली हुकूम काढून शाळांतील शिवाशिव बंद केली, तसेच सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी इमारती सर्वांना मोकळ्या केल्या. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून महाराज स्वतः चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर आशीर्वाद दिला.

ज्या देवळात गावातील एका वस्तीला प्रवेश नाही, त्या देवळाने शेजारच्या मशिदीशी कितीही गोडी राखली तरी तो सलोखा अपुराच राहतो. दारे उघडायची तर सगळीच उघडली पाहिजेत, हे महाराजांनी आपल्या राज्यापुरते करून दाखविले.

अखेर

महाराजांच्या वाट्याला दुःखही मोठे आले. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी यांचे शिकारीतील अपघाताने निधन झाले. त्या घावातून ते पुरते सावरले नाहीत. प्रकृती ढासळत गेली, तरी दौरे, सभा, अर्ज-विनंत्या यांत खंड पडला नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. पार्थिव कोल्हापुरास आणले गेले आणि सारी रयत पोरकी झाली. कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय समाजाने १९१९ साली त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती. ती पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले. राज्य गेले, पण महाराजांनी लावलेली झाडे उभी राहिली. कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले तर आजही मुस्लिम बोर्डिंग दिसते, आणि जैन, लिंगायत, सारस्वत या समाजांसाठी काढलेल्या वास्तूही तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. मधोमध महाराजांचा पुतळा आहे. २०२२ साली त्यांच्या पुण्यतिथीला शंभर वर्षे झाली, त्या दिवशी कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्यांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

जीर्णोद्धार म्हणजे जुने झालेले पुन्हा उभे करणे. भिंतीला भेग पडली तर गवंडी चुना भरतो, शिखर झिजले तर नवे घडविले जाते. शेजारधर्माला भेग पडली तर ती कोणी भरायची, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतो. बाहेरचा वारा गावात शिरतो, कोणाच्या तरी बोलण्याने मन कलुषित होते, आणि काल एकत्र बसून वर्गणी मोजणारे दोन शेजारी आज तोंड फिरवून जातात. अशा वेळी रुकडीचा पीर आणि अंबाबाई, पाटगावचा मठ आणि मशीद यांची आठवण करावी. मिस्त्रीच्या हातात कर्णी कोणाचीही असो, गाभाऱ्यात तेल कोणाच्याही घरचे असो, देव ते मानून घेतो.

नूतन मंदिरावर कळस चढत असताना ज्या लोकराजाने देवीच्या दिव्याला आणि पिराच्या चिरागाला एकाच मायेने तेल पुरविले, त्या राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुण्यस्मृतीस समस्त ग्रामस्थांचे त्रिवार वंदन असो.